सात मिनिटं मागे

"शुक्रवारी येतोस तर ये, पण दोनच्या आत उरकायचं," मावशींनी फोनवर बजावलं. "पावणेतीनची बस चुकली की संपलं. शब्बाथ लागायच्या आधी सगळ्या बसा डेपोत जातात. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत बस तिथंच."

मी इस्रायलला ठिबक सिंचन बघायला गेलो होतो. महाराष्ट्रातून इस्रायलला जाणारा माणूस एकतर ठिबक बघायला जातो, नाहीतर ठिबक बघून आलेल्यानं सांगितलं म्हणून जातो. आमच्या अभ्यासदौऱ्यानं चार दिवस नळ्या बघितल्या. नळीतून थेंब पडतो, आपण 'वा' म्हणतो, पुढच्या नळीपाशी जातो, तिथंही थेंबच पडतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी मिळाली तेव्हा मंडळी मृत समुद्रावर तरंगायला गेली. मला पोहता येत नाही आणि तरंगण्यावर विश्वास नाही. शिवाय पुण्यातल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मावशींसाठी दोन किलो कोकम माझ्या बॅगेत कोंबलं होतं, ते पोचवायचं होतं.

मावशी म्हणजे बेने इस्रायली, कोकणातल्या ज्यू. यांना कोकणात शनिवार तेली म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं दिलेलं नाव. मावशींचं माहेर मूळ अलिबागकडच्या नवगावचं, बालपण भायखळ्यात, आणि १९६३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्या घरच्यांबरोबर इस्रायलला आल्या. त्यांचं मराठी त्या दिवशी थांबलं ते थांबलंच. त्या सिनेमाला 'बोलपट' म्हणतात, फ्रिजला 'बरफाचं कपाट' म्हणतात, आणि भेटल्या भेटल्या त्यांनी मला विचारलं, "दादरची ट्राम चालू आहे का रे?" मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला मार्च १९६४ मध्ये गेली. मावशी निघाल्या तेव्हा चालू होती, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ती अजून फिरते आहे. मी म्हटलं, "गर्दी फार असते हल्ली." उगाच कशाला.

मावशी लोदला राहतात, पण भेट जेरुसलेमला ठरली होती. जेरुसलेमच्या बसथांब्यावर त्या हातात पिशवी, डोक्याला रुमाल आणि मनगटावर पुरुषी घड्याळ अशा उभ्या होत्या. घड्याळ वेस्ट एंडचं, सासऱ्यांनी मुंबईत घेतलेलं. "आमचे हे लोदला घड्याळं दुरुस्त करायचे," मावशी म्हणाल्या. "गावाची घड्याळं त्यांनी चालवली. घरातलं मात्र हे असं. सात मिनिटं मागे."

"मिळवून का घेत नाही?"

"मागे नाही ते. बाकीच्यांना घाई आहे."

माझ्या मनगटावरचं घड्याळ तर भारताच्याच वेळेवर होतं. पुण्याहून "जेवलास का?" असा फोन कधी येणार हे कळावं म्हणून मी ते बदललं नव्हतं. नोव्हेंबरात दोन्ही देशांत साडेतीन तासांचं अंतर असतं. म्हणजे आम्ही दोघं घड्याळांचं संग्रहालय बघायला निघालो होतो आणि आमच्यापाशी बरोबर वेळ सांगणारं एकही घड्याळ नव्हतं.

संग्रहालय पल्माख रस्त्यावर आहे, इस्रायलच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापासून हाकेच्या अंतरावर. नाव इस्लामी कलेचं संग्रहालय, एल. ए. मायर यांच्या नावानं. मायर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात इस्लामी कला शिकवायचे. संग्रहालयासाठी पैसा दिला व्हेरा सालोमन्स या इंग्लंडमधल्या श्रीमंत ज्यू घराण्यातल्या बाईंनी. शेजाऱ्याची कला बघितली तर शेजारी बरा वाटू लागेल, असा त्यांचा हिशेब होता. मायर १९५९ मध्ये गेले, व्हेराबाई १९६९ मध्ये गेल्या आणि संग्रहालय उघडलं १९७४ मध्ये. या इमारतीत वस्तू आधी माणसाला जाऊ देतात, मग येतात.

तिकिटाच्या खिडकीवर मावशींनी ज्येष्ठ नागरिकांची सवलत घेतली आणि माझ्यासाठीही मागितली. खिडकीतल्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. मावशी हिब्रूत काहीतरी म्हणाल्या, मुलगी हसली आणि पूर्ण तिकीट फाडलं. "काय म्हणालात?" "म्हटलं, आज ना उद्या हाही म्हातारा होणारच आहे."

वरच्या दालनांत मावशी भलत्या वेगानं चालल्या. कुराणाची पानं, इराणी वाडगे, निळ्या फरश्या, गालिचे. वाडग्यांच्या काठावर कूफी लिपीत अक्षरांची वेलबुट्टी काढायची इराणात जुनी रीत. असल्या अक्षरांत पुष्कळदा मालकाला आशीर्वादच लिहिलेला असतो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते चोरी होऊ नये म्हणून. "चि. सुमनच्या लग्नात, तिच्या मामांकडून." आशीर्वाद कमी, पुरावा जास्त.

चांदीच्या दालनात मात्र त्या थबकल्या. हरारी संग्रह म्हणून तिथं सुमारे हजार वर्षांपूर्वीची इराणी चांदी आहे. तीत लांब मानेचं, पोट फुगलेलं एक भांडं होतं. मावशींनी काचेला नाक लावलं. "ही तर गुलाबदाणी! भायखळ्याच्या लग्नांत दारात उभी राहून मी शिंपडायची." खरोखरच गुलाबपाण्याचं भांडं होतं ते. मी खालची पाटी वाचायला वाकलो, पण मावशींनी पाटीची वाट बघितली नव्हती. वस्तू ओळखीची निघाली की माणूस संग्रहालयात पाहुणा राहत नाही, घरचा होतो आणि तक्रार सुरू करतो. "घासत नाहीत वाटतं हे लोक. चिंच लाव म्हणावं."

मग आम्ही घड्याळांकडे वळलो.

इस्लामी कलेच्या संग्रहालयात फ्रेंच घड्याळं कशी, हा प्रश्न कुणालाही पडावा. उत्तर आपल्याला परकं नाही. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये एक काचेची पेटी आहे आणि तीत देणगीदाराच्या वडिलांची काठी, पगडी आणि अडकित्ता आहे. वाचनालय हवं तर अडकित्ता घ्यावा लागतो. व्हेराबाईंचे वडील सर डेव्हिड लायोनेल सालोमन्स. त्यांना यंत्रांचा नाद. घरात स्वतःचा कारखाना, विजेचे प्रयोग, आणि १८९५ साली टनब्रिज वेल्सला इंग्लंडातलं पहिलं मोटारींचं प्रदर्शन त्यांनीच भरवलं. पण जीव जडला तो अब्राहम-लुई ब्रेगे या पॅरिसमधल्या घड्याळजीवर. ब्रेगेवर त्यांनी १९२१ साली ग्रंथ लिहिला आणि त्याची घड्याळं अशी जमवली की बघणाऱ्याला वाटावं, एकाच माणसाला इतक्या वेळा वेळ कशाला बघायची असते. तेवढा अडकित्ता लेकीनं संग्रहालयाला दिला.

तसा इस्लामी जगाचा आणि घड्याळांचा संबंध आहेच. अल-जझरी या यंत्रकारानं १२०६ साली आपल्या ग्रंथात हत्तीचं घड्याळ वर्णिलं आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, तीत भोक पाडलेली वाटी. वाटी भरून बुडाली की वर पक्षी फिरतो, माहूत हत्तीला टोला देतो. हत्ती आणि पक्षी काढून घेतले तर राहतं ते आपल्या लग्नातलं घटिकापात्र. आपल्याकडेही वाटीच बुडायची; फक्त माहुताऐवजी भटजी ओरडायचे आणि टोला नवऱ्यामुलाला बसायचा. पुढे इस्तंबूलच्या मंडळींना युरोपी घड्याळांचं वेड लागलं. तुर्कांचा पॅरिसमधला राजदूत एस्सैद अली एफेंदी खुद्द ब्रेगेचं गिऱ्हाईक आणि दोस्त होता, आणि तुर्की आकड्यांच्या तबकड्या घालून घड्याळं पूर्वेकडे रवाना व्हायची. अडचण एकच. तुर्कांचे बारा सूर्यास्ताला वाजत. सूर्य रोज वेगळ्या वेळी मावळणार, म्हणजे जगातलं सर्वांत अचूक घड्याळ खिशात असलं तरी रोज संध्याकाळी ते चुकवून लावायचं. १९२६ मध्ये तुर्कस्ताननं ही रीत मोडली.

"बरोबरच होतं त्यांचं," मावशी म्हणाल्या. "दिवस मावळतीलाच सुरू होतो. आमचाही."

"आमचा उगवतीला," मी म्हटलं.

"म्हणून तुमच्याकडे रविवारी उठवत नाही."

घड्याळांचं दालन म्हणजे जाड दरवाज्याची अंधारी खोली. काचांमागे एकेक घड्याळ उजेडाच्या ठिपक्यात बसलेलं. बँकेच्या लॉकरमध्ये गेल्यावर आपण जसे हळू बोलतो, तसे आम्ही बोलू लागलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. इतकी घड्याळं आणि टिकटिक नाही. सगळी थांबलेली. एकाचे दहा वाजलेले, दुसऱ्याचे साडेचार, तिसऱ्याचे भलतेच. एखाद्या सरकारी कचेरीत शोभेल असा वक्तशीरपणा.

ब्रेगे नुसता कारागीर नव्हता, त्याला माणसं कळत होती. एकाच काट्याचं घड्याळ त्यानं विकलं, आणि तेही चौथाई रक्कम आगाऊ घेऊन. मला ते फार पटलं. आपल्याला मिनिटकाटा लागतोच कशाला? "पाचच्या सुमारास येतो" एवढंच तर सांगायचं असतं. दुसरं एक घड्याळ असं, की खिशात हात घालून बाहेरचा बाण आणि कडेचे खडे चाचपायचे. वेळ बोटांना कळते. चारचौघांत घड्याळ बघणं असभ्य, म्हणून ही सोय. सत्कारमूर्तीच्या उत्तराच्या भाषणात मला या घड्याळाची आठवण आता आयुष्यभर येणार. आणि तिसरं 'सिंपथिक' नावाचं. रात्री खिशातलं घड्याळ मोठ्या घड्याळाच्या डोक्यावर ठेवायचं, मोठं ते सकाळपर्यंत सरळ करून देतं. आजोळी पाठवलेलं पोर सुट्टीनंतर शिस्तीत परत यावं तसं.

मग आलं १६० नंबरचं. लोक त्याला राणीचं घड्याळ म्हणतात, मारी आंत्वानेतचं.

त्याची गोष्ट पुण्यातल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. १७८३ साली राणीच्या पहाऱ्यातल्या कुणा अधिकाऱ्यानं, असं सांगतात, ब्रेगेला घड्याळ सांगितलं. अटी अशा: जगात जेवढ्या सोयी आहेत तेवढ्या सगळ्या त्यात हव्यात, जमेल तिथं सोनं वापरा, खर्चाला मर्यादा नाही, वेळेला मर्यादा नाही. आता बिल्डरला "वेळेला मर्यादा नाही" असं लिहून दिल्यावर काय होणार? काम सुरू झालं. राज्यक्रांती आली. साइट बंद. ब्रेगे जीव वाचवायला स्वित्झर्लंडला पळाला, दोन वर्षांनी परतला. तोवर, १७९३ मध्ये, गिऱ्हाइकाचं डोकं गिलोटिननं उतरवलं होतं. तरी काम चालूच. १८२३ साली बिल्डर वारला. मुलानं स्कीम पुरी केली आणि १८२७ साली घड्याळ तयार झालं. चव्वेचाळीस वर्षं. ताबा घ्यायला कोणी नाही.

पण सुविधा बघाव्यात. आठशे तेवीस भाग. वर-खाली स्फटिकाच्या तबकड्या, म्हणजे आतलं सगळं दिसतं. कळ दाबली की तास, पाव तास आणि मिनिटं घंटा वाजवून सांगतं. चालता चालता आपली किल्ली आपण भरतं. लीप वर्षासकट तारीख कळते, त्यामुळे कालनिर्णय नको. फक्त दुधाचा हिशेब लिहायला जागा नाही. थर्मामीटर आहे. आणि सूर्याची खरी वेळ व घड्याळाची वेळ यांतला फरक दाखवणारा काटा आहे, कारण सूर्य वर्षभर घड्याळाशी जुळत नाही. फेब्रुवारीत तो चौदा मिनिटं मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे धावतो.

हे मी मावशींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी मनगट वर केलं. "सूर्य सोळा मिनिटं चुकतो, त्याला कोणी बोलत नाही. माझं सातच."

एवढं करून आकार पुरीएवढा. मावशींच्या शेजारी उभं राहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो. आतली सोन्याची चाकं, दातरी, नखाएवढे पूल, केसाएवढ्या कमानी, सगळं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपल्यासारखं. आपण मधमाशांचं पोळं बघतो तेव्हा त्यात जे भय वाटतं, तसं काहीसं. "ह्यांनी याचा फोटो दुकानात लावला होता," मावशी म्हणाल्या. "म्हणायचे, एकदा घेऊन जाईन तुला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ते चोरीलाच गेलं."

ती चोरी झाली १५ एप्रिल १९८३ च्या रात्री. तीही शुक्रवारचीच रात्र. नामान डिलर नावाचा मुरलेला घरफोड्या मागच्या बाजूनं आला, जॅक लावून कुंपणाचे गज वाकवले, एका अरुंद खिडकीतून आत शिरला. धोक्याची घंटा होती, पण ती बंद पडलेली. पहारेकऱ्याला काही ऐकू आलं नाही. डिलरनं एकशे सहा घड्याळं नेली. १७८३ साली सांगितलेलं घड्याळ बरोबर दोनशे वर्षांनी चोरीला गेलं. त्याच्या आयुष्यात वेळेवर झालेली ही पहिली गोष्ट.

आता हे विकणार कुणाला? राणीचं घड्याळ चोरबाजारात नेणं म्हणजे गेटवे ऑफ इंडिया ओएलएक्सवर टाकण्यासारखं. ते त्यानं दडवून ठेवलं. २००४ मध्ये मरताना बायकोला सांगून गेला. २००६ साली तेल अवीवच्या एका घड्याळजीकडून संग्रहालयाला निरोप आला, आणि वकिलाच्या कचेरीत पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकोणचाळीस घड्याळं निघाली. ओळख पटवायला गेल्या होत्या संग्रहालयाच्या रेचल हासोन. एकेक पुडी सोडत गेल्या आणि एका रद्दीच्या कागदात राणीचं घड्याळ निघालं. वीस लाख डॉलर मागितले होते, सौदा पटला पस्तीस हजारांच्या आसपास.

"वीस लाखांचे पस्तीस हजार?" मावशींचा चेहरा उजळला. मघापासून सोनं, स्फटिक, आठशे तेवीस भाग ऐकून त्यांना काही वाटलं नव्हतं. "बाई गेली म्हणून झालं हे. पुरुष गेला असता तर पन्नासावर थांबला असता."

पुढे फ्रान्समधल्या बँकांच्या लॉकरांतून आणखी निघाली. एकशे सहापैकी शहाण्णव परत आली. दरम्यान ब्रेगे कंपनीच्या मालकांनी, मूळ घड्याळ काही मिळत नाही असं धरून, २००५ साली जुन्या कागदांवरून हुबेहूब दुसरं करायला घेतलं होतं. व्हर्सायच्या बागेतला, राणीच्या आवडीचा ओक पडला होता, त्याच्या लाकडाची पेटीही केली. ते २००८ मध्ये तयार झालं तोवर पहिलं सापडलं होतं. नवी छत्री घेतली की जुनी सापडते, हा नियम स्वित्झर्लंडलाही लागू आहे.

तरी संग्रहालयाच्या नशिबी स्वस्थता नव्हती. २०२० मध्ये पैशाची चणचण म्हणून इथल्याच काही वस्तू आणि घड्याळं लंडनला लिलावाला गेली. याद्या छापून झाल्या आणि देशात ओरड उठली, अगदी राष्ट्राध्यक्षांपर्यंत. तेही शेजारीच राहतात, ऐकू गेलं असणार. लिलाव थांबला, तडजोड झाली आणि २०२१ मध्ये ते सामान परत आणायचं ठरलं. चोरानं नेलं ते तेवीस वर्षांनी आलं, मालकानं नेलं ते वर्षाच्या आत. यातून चोरावर ठपका ठेवावा की मालकाचं कौतुक करावं, मला ठरवता आलं नाही.

"ह्यांनी यायला हवं होतं," मावशी म्हणाल्या. मग आवाज बदलून, "कळ दाबून दाखवतात का रे, घंटा वाजते ती?"

"नाही."

"मग काय उपयोग." त्या काचेपाशी अगदी जवळ गेल्या आणि मनगट कानाशी नेलं. खोलीतली चालू टिकटिक तेवढी एकच होती. रखवालदारानं मान वर केली. मावशींनी त्याला घड्याळ दाखवलं. त्यानं स्वतःच्या मोबाइलकडे बघितलं, मावशींच्या मनगटाकडे बघितलं आणि सभ्य माणसासारखा गप्प राहिला.

बाहेर पडलो तेव्हा माझ्या घड्याळात साडेपाच वाजले होते, मावशींच्या एक त्रेपन्न. "भरपूर वेळ आहे," मावशी म्हणाल्या. हे वाक्य ऐकल्यावर सावध व्हायला हवं होतं. त्यांनी वाटेत शब्बाथचा पाव घेतला. पाववाल्याशी त्यांचं पावाच्या वजनावरून वाजलं. मग फुलं घेतली. मग एक ओळखीची बाई भेटली, तीही लोदची, मूळची पेणची, आणि रस्त्यात उभ्या उभ्या कुणाच्या तरी घरच्या मलिद्याला नारळ ओला होता की सुका यावर दोघींनी जेरुसलेमच्या ऐन बाजारात अस्सल कुलाबा जिल्ह्याच्या मराठीत चर्चा केली. मी दोनदा मोबाइल काढला. दोनदा मावशींनी मनगट दाखवून मला गप्प केलं.

बसस्थानकावर पोचलो तेव्हा मावशींच्या घड्याळात बरोबर पावणेतीन झाले होते. फलाट रिकामा. झाडूवाला झाडत होता. बस सात मिनिटांपूर्वी गेली, तो म्हणाला.

मावशी रिकाम्या फलाटाकडे बघत राहिल्या. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. "वेळेआधी सोडतात हल्ली."

तेल अवीवला जाणारी एक शेरूत मिळाली. शेरूत म्हणजे आपली वडाप. दहाजण भरल्याशिवाय हलत नाही. आठजण झाले होते, आम्ही धरून दहा. चालक आम्हाला लोदच्या फाट्यावर सोडायला तयार झाला, पण भाडं विमानतळाचं मागत होता. मावशींनी हिब्रूत सुरुवात केली, अरबीत मध्य गाठला आणि "मेल्या, देवाला भी जरा" इथं शेवट केला. भाडं निम्म्यावर आलं. त्यातला कुठला शब्द त्याला लागला कोण जाणे.

गाडी सुटायच्या आधी मावशींनी मनगटावरचं घड्याळ काढलं. शब्बाथ लागल्यावर किल्ली द्यायची नसते, म्हणून दर शुक्रवारी सूर्य असेतो भरून ठेवायची. अंगठा आणि तर्जनीत मळसूत्र धरून त्या पुटपुटत फिरवू लागल्या, एक, दोन, तीन, चार. साठ वर्षं हिब्रूत बाजार केला तरी मोजणी मराठीतच. वीस झाल्यावर थांबल्या आणि घड्याळ कानाशी धरलं.

चालकानं आरशातून बघितलं. त्याच्या समोरचं डॅशबोर्डावरचं घड्याळ अजून उन्हाळ्याच्या वेळेवर होतं, तासभर पुढे. त्यानं हिब्रूत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"वेळ विचारतोय," मावशी म्हणाल्या, आणि घड्याळ डोळ्यांशी नेऊन त्यांनी त्याला वेळ सांगितली. चालकानं मान डोलावली, बटणं दाबून आपलं घड्याळ सात मिनिटं मागे लावलं आणि गाडी काढली.